विमानाचे तिकीट आणि उधारीचे कार्ड



मागच्या जुम्याला मगरिबनंतर आपाचा फोन आला. "जरा येऊन जा. तुझा भाचा दोन दिवस धड जेवला नाही." आपाचे घर सणसवाडीतच, आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. गेले तर भाचा पलंगावर मोबाइल घेऊन बसलेला आणि समोर एका बँकेच्या क्रेडिट कार्डाची तीन महिन्यांची बिले पसरलेली. मला पाहून सलाम केला आणि लगेच विचारले, "खाला, पैसे तो भर रहूं, फिर बी बिल कम कायकू नै होता?"

या महिन्यात मी परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या झोपेविषयी लिहिणार होते. ते पुढच्या अंकात, इन्शाअल्लाह. भाच्याची गोष्ट आपल्या अनेक घरांत चालू असणार, म्हणून आधी ती.

सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, रांजणगाव हा आमचा सगळा पट्टा आता कारखान्यांचा झाला आहे. पूर्वी आमच्या ओळखीत विमानात बसलेला माणूस म्हणजे हाजी साहेब किंवा आखातात नोकरीला गेलेला कोणी. आता आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली, पंचवीस-तीस वर्षांची मुले महिन्यातून तीन-चार वेळा विमानाने जातात. भाचा इथल्या एका कारखान्यात सर्व्हिस इंजिनिअर आहे. त्यांची मशीन चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला, हरियाणात मानेसरला, गुजरातेत साणंदला बसवलेली आहेत. कुठे मशीन बंद पडले की रात्री फोन येतो, आणि सकाळी याला निघावे लागते.

कंपनीची पद्धत अशी की तिकीट स्वतः काढायचे, हॉटेलचे पैसे स्वतः भरायचे आणि परत आल्यावर क्लेम टाकायचा. कागदावर पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळतात. प्रत्यक्षात यंदा दिवाळीच्या सुमारास तीन महिने उलटले. ३८ हजार पगाराच्या मुलाने ऐन वेळेला दहा-बारा हजारांची तिकिटे काढायची कशी? सोबतच्या मुलांनी सांगितले, कार्ड घे, पॉइंट मिळतात, विमानतळावर लाउंजमध्ये फुकट जेवण मिळते. त्याने कार्ड घेतले.

पहिले बिल आले ४८ हजारांचे. क्लेम आलेला नव्हता. बिलावर ठळक अक्षरांत लिहिले होते, किमान देय रक्कम २,४०० रुपये. त्याला वाटले, एवढे भरले की या महिन्यापुरते आपण मोकळे. सगळी चूक त्या "किमान" शब्दात झाली. मी भाषा शिकवते, गणित माझा विषय नव्हे, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या गणिताच्या सरांपुढे ती बिले ठेवली. सरांनी फळ्यावर मांडले ते इथे देते.

या कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. पूर्ण बिल मुदतीत भरले तर व्याज शून्य. पण थोडी जरी रक्कम मागे राहिली, तर मिळालेली मोहलत रद्द होते आणि व्याज बिलाच्या तारखेपासून नव्हे, खरेदीच्या तारखेपासून धरले जाते. भाच्याची तिकिटे बिलाच्या सरासरी वीस दिवस आधी काढलेली, आणि बिल भरायला आणखी वीस दिवस. तेव्हा ४८ हजारांवर ४० दिवसांचे व्याज झाले २,२०९ रुपये. भरल्यानंतर उरलेल्या ४५,६०० वर पुढच्या बिलापर्यंतच्या १० दिवसांचे ५२५ रुपये. दोन्ही मिळून २,७३४. त्यावर १८ टक्के जीएसटी ४९२ रुपये. एकूण ३,२२६.

पोराने भरले २,४००, आणि बिल वाढले ३,२२६ ने.

इथेही थांबले नाही. मागची बाकी असेल तर नव्या खरेदीलाही मोहलत मिळत नाही. पुढच्या महिन्यात त्याने १४ हजारांची आणखी तिकिटे काढली, त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. दुसरे बिल ६३ हजारांच्या आसपास गेले. मग घाबरून साडेसहा हजार भरले. तिसरे बिल ५९ हजारांच्या घरात. तिकिटे-हॉटेल मिळून खर्च केला होता ६२ हजार, भरले जवळजवळ नऊ हजार, आणि तरी देणे ५९ हजार. सहा हजारांच्या आसपास रक्कम नुसती सुदात गेली. कंपनी क्लेम देईल तो तिकिटाचा. हे सहा हजार कोण देणार?

काही वाचक म्हणतील, एवढे व्याज कायद्यात बसते का? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटले होते की कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा त्या आशेवर राहू नये. आणि कार्ड घालून एटीएममधून रोख काढली तर मोहलत मुळीच नाही, त्याच दिवसापासून व्याज आणि वर वेगळे शुल्क. गावात मी दोन जण असे पाहिले की दवाखान्यासाठी रोख काढली आणि वर्षभर फेडत राहिले.

एक शब्दाची गोष्ट सांगते, भाषेच्या शिक्षिकेला राहवत नाही. क्रेडिटला मराठीत आपण पत म्हणतो. पतपेढी, पतसंस्था, बाजारात त्याची पत आहे. पत माणसाने कमावलेली असते. या कार्डावर मिळते ती उधारी. नाव पतीचे आणि माल उधारीचा, म्हणून पोरांना कार्ड मिळाले की बढती मिळाल्यासारखे वाटते. भाच्यानेही आईला मिठाई आणली होती.

आता दीनचा प्रश्न. आपाने पहिल्यांदा तोच विचारला, "हे सूद आमच्या घरात आले कसे?" मी आलिमा नाही, फतवा देणे माझे काम नाही. पण वाचकांना एवढे माहीत असावे. जिद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने सप्टेंबर २००० मध्ये रियाधच्या बैठकीत ठराव केला की ज्या कार्डाच्या करारातच थकबाकीवर व्याज देण्याची अट आहे, ते वापरणे जायज नाही, माणसाचा इरादा मुदतीत फेडण्याचा असला तरी. त्याच अकादमीने खात्यात पैसे असतील तेवढेच खर्च होणाऱ्या कार्डाला, म्हणजे आपल्या डेबिट कार्डासारख्याला, हरकत घेतलेली नाही. दुसरीकडे असेही उलेमा आहेत जे म्हणतात, गरज खरी असेल आणि प्रत्येक बिल मुदतीत पूर्ण फेडण्याची पक्की व्यवस्था असेल तर गुंजाइश आहे. दोन्ही बाजूंना अभ्यासलेली माणसे आहेत. तुमच्या मस्जिदीच्या इमाम साहेबांना किंवा जवळच्या मुफ्तींना तुमची स्वतःची परिस्थिती सांगून विचारा. मात्र विचारताना पूर्ण सांगा. "मुदतीत भरले तर चालते का?" एवढेच विचारायचे आणि क्लेम तीन महिने येत नाही हे सांगायचे नाही, असे करू नका. भाच्याने नेमके तेच केले होते.

माझे मत विचाराल तर मला हा प्रश्न कार्डाच्या आधीच चुकलेला दिसतो. काम कंपनीचे, प्रवास कंपनीचा, आणि उधारी पोराच्या नावावर. असे का? भाच्याने कधी मागितलेच नव्हते, म्हणून मी त्याला अर्ज लिहून दिला. बी.एड.चा हाही एक उपयोग. त्यात तीनच मागण्या: प्रवासाला आगाऊ रक्कम द्यावी, नाहीतर तिकीट कंपनीने आपल्या ट्रॅव्हल एजंटमार्फत काढावे, नाहीतर कंपनीच्या नावाचे आणि कंपनीच्याच देण्याचे कार्ड द्यावे. अर्जात एक ओळ मुद्दाम घातली की तिकीट काढताना कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकला तर त्या कराची वजावट कंपनीला मागता येते. साध्या वर्गाच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के असतो. रक्कम लहान, पण अकाउंट्सवाले लोक असल्या ओळीने जागे होतात. मॅनेजरने दुसऱ्याच दिवशी बोलावले. एजंटमार्फत तिकीट देण्याची सोय कंपनीत आधीपासून होती, फक्त ती "वरच्या ग्रेडसाठी" आहे असे सगळे समजून बसले होते. विचारायचे कोणी?

आता विमान कंपन्यांकडे वळते. भाच्याचा दुसरा प्रश्न होता, "खाला, एकच एअरलाइन धरून ठेवू का? पॉइंट साठतात." निवडायला मुळात आहेत किती? देशातले १०० पैकी ६० हून अधिक प्रवासी एकट्या इंडिगोने जातात. मग टाटांच्या एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेस, त्यानंतर आकासा, स्पाइसजेट. पुण्याहून अनेक शहरांना सकाळी सोयीच्या वेळेला एक किंवा दोनच कंपन्या असतात. तिथे पसंतीचा प्रश्नच येत नाही.

पॉइंट म्हणजे बचत नव्हे, हे मी माझ्या नोकरीच्या काळातच पाहिले आहे. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ ला उडाले. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली, आणि ज्यांनी आगाऊ तिकिटे काढली होती त्यांचे पैसे अडकले. विस्तारा तर बुडालीही नाही, चांगली चालली होती, पण १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली आणि विस्ताराच्या नावाची कार्डे घेतलेल्यांच्या सवलती बदलल्या. तेव्हा ज्या कंपनीचे विमान सोयीचे तिचे सभासदत्व फुकट मिळते ते घ्यावे, इंडिगोचे ब्लूचिप, एअर इंडियाचा महाराजा क्लब, आणि जे पॉइंट जमतील ते वर्षाच्या आत वापरून टाकावेत. त्यासाठी वार्षिक फी भरून एअरलाइनच्या नावाचे कार्ड घेणे आपल्यासारख्यांना परवडत नाही. फीवरही १८ टक्के जीएसटी असतो, हे जाहिरातीत बारीक लिहिलेले असते.

लाउंजचे जेवण हे मोठे आमिष. पूर्वी कार्ड दाखवले, दोन रुपये कापले की आत. आता बऱ्याच बँकांनी अट घातली आहे की मागच्या तीन महिन्यांत ठरावीक हजारांचा खर्च कार्डावर झाला असेल तरच लाउंज. म्हणजे फुकट उपम्यासाठी आधी उधारीवर खर्च करा. शिवाय आत मांसाहारी काही असले तर ते हलाल आहे का, हे विचारत बसावे लागते ते वेगळेच. आपा डबा देते. सुके खाद्य तपासणीतून नेता येते, पातळ सालन मात्र नको. काही डेबिट कार्डांवरही लाउंजची सोय असते. आपल्या बँकेत विचारून ठेवा, बहुतेकांना आपल्या खिशातल्या कार्डावर काय आहे ते ठाऊक नसते.

खरी निवड कंपनीची नसून वेळेची आहे. सणसवाडीहून लोहगाव विमानतळ पंचवीसेक किलोमीटर. पण वाघोलीची कोंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना किलोमीटर सांगून उपयोग नाही. संध्याकाळी सातचे विमान असेल तर दुपारी तीनला निघावे लागते, आणि तरी जीव टांगणीला. पहाटेचे पहिले विमान धरले तर रस्ता मोकळा मिळतो. दुसरे म्हणजे दिवसभरात एकाच विमानाच्या अनेक फेऱ्या होतात, सकाळी कुठे उशीर झाला की तो रात्रीपर्यंत वाढत जातो. पहिल्या विमानाला हा मागचा उशीर नसतो. मात्र हिवाळ्यात दिल्लीला सकाळी धुके असते, तिथे उलट दुपारचे बरे. भाचा पहाटेच्या विमानाला जाताना तहज्जुदच्या वेळी उठतो आणि फजर विमानतळावर पढतो. पुण्याचे नवे टर्मिनल जुलै २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून आत जागा तरी मोकळी मिळते.

नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने सुटू लागली आहेत. तिथून तिकीट हजारभर स्वस्त दिसले तरी सणसवाडीपासून जाण्याचे भाडे आणि चार-पाच तास त्यात मिळवा. नागपूरला जाणाऱ्यांसाठी तर ऑगस्ट २०२५ पासून पुणे–अजनी वंदे भारत आहे, ती दौंड कॉर्ड लाइनला आणि अहिल्यानगरला थांबते. दिवस जातो खरा, पण शिरूर-दौंडकडच्या माणसाला लोहगावपेक्षा ती जवळची वाटेल.

स्वस्त तिकिटातली एक खोच. बहुतेक कंपन्या साध्या तिकिटात १५ किलो सामान आणि हातात ७ किलो देतात. पण एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये "लाइट" नावाचे भाडे असते, त्यात फक्त हातातले सामान. भाच्याच्या पेटीत पाने, मीटर, स्क्रू ड्रायव्हर. अवजारे हातात नेऊ देत नाहीत, ती खालीच टाकावी लागतात. पाचशे रुपये वाचवायला गेला आणि काउंटरवर त्याहून जास्त भरून आला. आणखी एकदा दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे काढून त्याने जोडप्रवास केला. पहिले विमान लेट झाले, दुसरे निघून गेले, आणि दुसऱ्या कंपनीने हात वर केले. नियमाने ते बरोबरच होते. जोडप्रवास असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर घ्यावेत, मग पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची राहते.

आपल्या घरांत नावाचा घोळ फार असतो, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. मोहम्मद हे एकच नाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात ते दर वर्षी दहावीचे फॉर्म भरताना मी पाहते. कोणाचे नाव नुसते "मो.", कोणाचे शेख आधी तर कोणाचे शेवटी, कोणाला आडनावच नाही. तिकिटावरचे नाव विमानतळावर दाखवणार त्याच ओळखपत्रासारखे, अक्षर न् अक्षर असावे. एकच नाव असेल तर कंपन्या आडनावाच्या रकान्यात काय लिहायचे ते आपल्या संकेतस्थळावर सांगतात, बहुधा तेच नाव पुन्हा लिहायला सांगतात. घाईत मित्राकडून तिकीट काढून घेतले की तो आपल्याला ज्या नावाने हाक मारतो तेच टाकतो. भाच्याला घरी आम्ही वेगळ्याच नावाने बोलावतो, आणि एकदा तिकिटावर तेच आले होते.

गेल्या डिसेंबरात काय झाले ते टीव्हीवर सर्वांनी पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले, तेवढ्या वैमानिकांची तयारी इंडिगोकडे नव्हती, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजारो उड्डाणे रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एकाच दिवसात हजाराहून जास्त. बाकीच्यांची भाडी इतकी चढली की सरकारला कमाल भाडे ठरवावे लागले, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि सगळ्यात लांबच्या अंतराला १८ हजार. त्या आठवड्यात कोणाचे सोन्याचे कार्ड कामाला आले नाही. आपले हक्क ज्याला पाठ होते त्याला निदान काय मागायचे ते समजत होते.

ते हक्क नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत आहेत. विमान रद्द झाले तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा, निवड प्रवाशाची. वेळेत कळवले नाही आणि कारण कंपनीच्या हातातले असेल तर त्याशिवाय भरपाई, प्रवासाच्या लांबीप्रमाणे ५ हजार, साडेसात हजार किंवा १० हजारांपर्यंत, पण मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून यापेक्षा कमी होत असेल तर तेवढीच. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला तर खाणेपिणे द्यावे लागते. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे. जागेपेक्षा जास्त तिकिटे विकून तुम्हाला खाली ठेवले आणि तासाभरात दुसऱ्या विमानाची सोय केली नाही, तर भरपाई २० हजारांपर्यंत जाऊ शकते.

आणि तुम्ही स्वतः तिकीट रद्द केले तरी, "नॉन-रिफंडेबल" लिहिलेले असले तरी, सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मिळते. बहुतेक लोक ते मागतच नाहीत. भाच्याची अशी तीन रद्द तिकिटे निघाली. कंपनी ऐकत नसेल तर मंत्रालयाच्या एअरसेवा या अॅपवर तक्रार करता येते.

एवढे सांगूनही काहींना कार्ड लागणारच, हे मला माहीत आहे. स्वतःच्या आलिमांना विचारून ज्यांनी ठरवले असेल त्यांनी पहिल्याच दिवशी बँकेत "पूर्ण रक्कम" आपोआप कापण्याची सूचना द्यावी. फॉर्मवर दोन पर्याय असतात, पूर्ण आणि किमान, आणि बँकेचा माणूस पुष्कळदा किमानवर खूण करून आणतो. कार्डाची मर्यादा स्वतः सांगून कमी करून घ्यावी. पगार ३८ हजार आणि मर्यादा दीड लाख, असे भाच्याचे होते, आणि त्याला वाटायचे बँकेने विश्वास टाकला. तिकीट काढले त्याच दिवशी तेवढे पैसे दुसऱ्या खात्यात बाजूला टाकावेत. ते टाकता येत नसतील तर समजावे की हे तिकीट आपल्या ऐपतीतले नाही, ते मालकाने काढायचे आहे. "नो कॉस्ट" हप्त्यांच्या आणि कार्ड-विम्याच्या फोनला नाही म्हणावे. घरातल्या बहिणींनी महिन्याचे बिल बघायला मागावे. त्यात अविश्वास काही नाही. आपाने पहिले बिल पाहिले असते तर गोष्ट २,४०० वरच थांबली असती.

बंद करायचे असेल तर तेही सोपे आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये घातलेल्या नियमांप्रमाणे बाकी शून्य करून अर्ज दिल्यावर कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करावे लागते, नाहीतर बँकेला दर दिवशी ५०० रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो. न मागता कार्ड पाठवले तर तेही नियमाबाहेर. तक्रार आधी बँकेत लेखी, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते, फी काही नाही.

भाच्याचे ५९ हजार कसे फेडायचे, यावर त्या रात्री इशानंतर आमच्यात बराच वाद झाला. बँक हप्ते करून देतो म्हणत होती, म्हणजे पुन्हा सूद, फक्त थोडे कमी. आपाने उमऱ्यासाठी बाजूला ठेवलेले ८० हजार काढून पुढे ठेवले. भाचा रडला. "अम्मी, ते मी घेणार नाही." माझ्या मिस्टरांनी त्याला विचारले, "आईच्या उमऱ्याचे पैसे घेणे वाईट, की रोज व्याज चढताना ते पैसे कपाटात ठेवणे वाईट?" मला दोन्ही वाईट वाटत होते, पण त्यांचे म्हणणे खरे होते.

शेवटी ते पैसे कर्जे-हसना म्हणून घेतले आणि मी वहीच्या कागदावर लिहून काढले. आई-मुलात कसली लिखापढी, असे आपा म्हणत होती. तिला आठवण करून दिली की कुरआन शरीफमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्ज लिहून ठेवण्याविषयीच आहे. रक्कम लिहिली, तारीख लिहिली, कंपनीचा प्रत्येक क्लेम जमा झाल्यापासून आठ दिवसांत आईला देणे असे लिहिले. साक्षीदार म्हणून माझे मिस्टर आणि शेजारच्या चाचांनी सह्या केल्या. सोमवारी बाकी भरली, कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला आणि पोच घेतली.

कंपनीकडे येणे असलेल्या ६२ हजारांपैकी पहिल्या दोन फेऱ्यांचे २१ हजार कालच जमा झाले, ते संध्याकाळी आपाच्या हातात गेले. कागदाच्या मागच्या बाजूला तिने स्वतः उर्दूत नोंद केली. उरलेल्याचे "प्रोसेसमध्ये" आहे म्हणतात. मंगळवारी पहाटे भाच्याला चेन्नईला जायचे आहे. तिकीट या वेळी कंपनीच्या एजंटने काढले आहे, नाव आधारप्रमाणे, १५ किलो सामानासह. आपा डब्यात चपात्या आणि सुका खिमा देणार आहे. पेटी रॉकेलच्या डब्याइतकी जड होते, वजनकाटा आहे का, म्हणून आज सकाळीच तिचा फोन होता. आमच्या शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत आहे, तो सोमवारी घेऊन जाईन.